फलकावरचा पाचवा रकाना

"डफळापूरच्या हौसाबाई, या हो आतल्या दाराशी
मणी, डोरलं, पदराची पिन, ठेवून या हो लेकीपाशी…"

हा आवाज रत्नप्रभा मगदूमच्या कानावर पहिल्यांदा पडला त्याला आता तीस वर्षं झाली. कृष्णाकाठ रुग्णालयाच्या एक्स-रे खोलीत नोकरीला लागून तिला तीनच दिवस झाले होते. अंधाऱ्या खोलीत ती फिल्म धूत होती. तिला वाटलं, बाहेर कुणी मागतकरी गात आलाय. दार किलकिलं करून पाहिलं, तर खाकी कपड्यातला एक सडसडीत तरुण हातातल्या चिठ्ठ्या वाचत एकेका रोग्याला ओवीतून हाक मारत होता. बाकावरची हौसाबाई मघापासून भीतीनं थरथरत होती. आपलं नाव गाण्यात आलेलं ऐकून ती तोंडाला पदर लावून हसली. गळ्यातलं काढून तिनं लेकीच्या ओंजळीत दिलं आणि आत येऊन मशीनसमोर अशी शांत उभी राहिली की फोटो जराही हलला नाही.

लगेच पुढची हाक आली,

"सोनी गावचे बापूतात्या, चुन्याची डबी काढा
फोटोत दिसली छातीमधी, तर डाक्टर देईल काढा!"

सगळा बोळ खदखदून हसला.

तो यल्लाप्पा रेणके. रोग्यांची गाडी ढकलणारा, जतकडच्या गोंधळ्यांच्या घरातला. संबळ वडिलांबरोबर गेलं, ओवी तेवढी याच्या जिभेवर राहिली. वयानं रत्नप्रभाच्याच बरोबरीचा, पण पहिल्या दिवसापासून तिला 'अक्का' म्हणाला, आणि ती त्याची अक्का झाली. पुढं तिच्या लग्नात त्यानं पंगती वाढल्या, त्याच्या लेकीच्या बारशाला तिनं कुंची शिवली.

आता २०३७ साली त्या बोळात कुणी गात नाही. भिंतीवर फलक आहे.

*

फलक म्हणजे दिसायला एक मोठा पडदा. बाहेर बसलेल्या लोकांना त्यावर फक्त आपला क्रमांक आणि 'अजून किती मिनिटं' एवढंच दिसतं. आतल्या खोलीतल्या पडद्यावर मात्र प्रत्येक फोटोची एक ओळ असते आणि प्रत्येक ओळीला पाच रकाने: मागितला, आणला, काढला, वाचला, सांगितला. एकेक रकाना भरत ओळ डावीकडून उजवीकडं हिरवी होत जाते. कुठं अडली की पिवळी पडते, जास्त अडली की तांबडी.

त्याची गंमत अशी, की त्याला कुणी काही सांगावं लागत नाही. गाडीच्या चाकात बोटाएवढी चकती बसवलेली, ती कुठं आहे ते कळवते. मशीन स्वतःचं घड्याळ कळवतं. डॉक्टरांनी फोटो उघडला, मिटला, ते संगणक कळवतो. हे सगळे निरोप फलक एका धाग्यात ओवतो. पूर्वी हे निरोप नव्हते असं नाही. दहा जणांच्या दहा वह्यांत ते होतेच. फक्त त्या दहा वह्या एका वेळी उघडून वाचणारं कुणी नव्हतं.

तीन आठवड्यांत फलकाला विभाग असा कळला, जसा तीस वर्षांत रत्नप्रभाला कळला नव्हता. सगळ्यांची खात्री होती की सीटीचं मशीन अपुरं पडतंय, दुसरं हवं. फलकानं दाखवलं की रोज सकाळी तेच मशीन चाळीस मिनिटं नुसतं बसून असतं आणि बाहेर वीस माणसं उपाशी पोटी ताटकळतात, कारण फोटोआधी औषध सोडायला शिरेत सुई टोचायचं काम मशीनच्या टेबलावर चालतं. शीर सापडत नाही, परिचारिका घामेजते, मशीन वाट पाहतं. मग सुई वॉर्डातच टोचून माणूस खाली पाठवायचं ठरलं. तेवढ्यानं रांग अर्धी झाली. दुसऱ्या मशीनचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

शिवाय फलकाला नजर होती. फोटो आला की तो त्यावर ओझरती दृष्टी टाकी. लाखो जुने फोटो पाहून तयार झालेली ती दृष्टी. निदान तो करत नसे, ते डॉक्टरांचंच. तो फक्त डॉक्टरांसमोरची चळत हलवी. मेंदूत रक्त दिसतंय असं वाटलं तर तो फोटो तळातून उचलून सगळ्यांच्या वर ठेवी.

श्रावणात संख गावचे एक मास्तर आले. वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता हातातला खडू पडला, तोंड वाकडं झालं, तसेच शिपायानं जीपमध्ये घातलेले. ते फाटकातून आत आले आणि फलकानं लिफ्ट खाली बोलावली, सीटीवरच्या गुडघेदुखीच्या आजोबांना दहा मिनिटं थांबवलं, गाडी कोणती जवळ आहे ते दाखवलं. फाटकापासून मेंदूचा फोटो वाचून होईपर्यंत बारा मिनिटं लागली. रत्नप्रभानं घड्याळात पाहिलं आणि पुन्हा पाहिलं. पूर्वी बारा मिनिटांत नुसती चिठ्ठी सापडत नसे. सहाव्या दिवशी मास्तर आपल्या पायांनी फोटोखोलीत आले आणि फलकापुढं हात जोडून उभे राहिले.

"मास्तर, तो देव नाही ओ," फलक बांधणारा तौसिफ म्हणाला.

"माहीत आहे. पण विद्यार्थी हुशार आहे," मास्तर म्हणाले. "पहिल्या बाकावर बसवा त्याला."

तौसिफ मुजावर हा मिरजेचा. फलक त्यानं आणि त्याच्या तीन सोबत्यांनी मिळून बांधलेला. आणि पाचवा रकाना विभागप्रमुख डॉक्टर ललिता हेरवाडकरांचा. तौसिफनं चारच आणले होते. 'वाचला' म्हणजे काम संपलं, असं त्याचं म्हणणं. बाई म्हणाल्या, "संपलं कसं? मी वाचलं आणि कागद कपाटात गेला, तर त्या माणसाच्या दृष्टीनं मी काय वाचलं? ज्याची छाती आहे त्याच्या कानापर्यंत जाईतो ओळ हिरवी करायची नाही."

असा तो पाचवा रकाना आला. दुसऱ्या कुठल्या रुग्णालयात तो असेल असं रत्नप्रभाला वाटत नाही.

*

फलक आला तेव्हा बिचारा झाला तो यल्लाप्पा. हाका बंद झाल्या. क्रमांक आपोआप दिसतो, लोक आपोआप उठतात.

"अक्का, आता मी नुसता बैल," तो गाडीच्या दांड्यावर रेलून म्हणाला. "घंटा काढल्याला."

पण महिन्याभरात हेरवाडकरबाईंनी जुने सगळे फोटो फलकात ओतायला लावले. पंधरा वर्षांचे. आणि पाचवा रकाना मागं जाऊन प्रत्येकाला विचारू लागला: वाचलं, पण सांगितलं का? भिंतभर ओळी पिवळ्या पडल्या. कुणाच्या रिपोर्टात 'सहा महिन्यांनी पुन्हा पाहावे' लिहिलेलं आणि चार वर्षं उलटलेली. कुणाच्या पोटाच्या फोटोत कडेला मूत्रपिंडावर गाठ लिहिलेली, पण ते आले होते पायाच्या हाडासाठी. पाय जोडला, कागद घडी घालून गेला.

ह्या लोकांना बोलवायचं कसं? रुग्णालयातून फोन आला की माणूस आधीच अर्धा मरतो.

बाईंनी यल्लाप्पाला बोलावलं. "आजाराचं नाव तुम्ही काढायचं नाही. फक्त यायला सांगायचं, पण असं की माणूस येईल."

त्याला एक टॅबलेट मिळाला. फलक त्यावर नाव आणि नंबर पाठवी, यल्लाप्पा फोन लावी.

"हॅलो, कवठ्याचं पांडुरंगतात्या का? मी किष्णाकाठातनं यल्लाप्पा. भ्या लागलं का? लागू देऊ नका. वाईट सांगायला एवढ्या गोड गळ्याचा माणूस ठेवत न्हाईत ओ. तुमचा जुना फोटो घावलाय, मॅडमना एकदा तुमाला बघायचंय. आन् येताना जेवून या, हितली आमटी पातळ असती."

लोक येत. हसत येत, आणि बाई त्यांना एका लहानशा खोलीत बसवून, दार लावून, नीट सांगत. खोलीत दोन खुर्च्या, एक पडदा, पाण्याचा तांब्या. त्या खोलीला सगळे 'सांगायची खोली' म्हणू लागले. किती जणांची गाठ वेळेवर निघाली! उमदीच्या एका बाईनं ऑपरेशननंतर यल्लाप्पाला बाजरीच्या भाकरी आणि शेंगाचटणी पाठवली. सोबत निरोप: गोड गळ्याला तिखट.

एका दुपारी चहा पिताना तो म्हणाला, "अक्का, अडीचशे घरात फोन लावलं. सगळी उचलत्यात. माझी लेक तेवढी उचलत न्हाई."

रत्नप्रभा कपात बघत राहिली.

त्याची लेक महादेवी जतला शिक्षिका. आई गेल्यापासून, म्हणजे पाच वर्षं, ती बापाशी बोलत नव्हती. काशव्वा, यल्लाप्पाची बायको, फुप्फुसाच्या कॅन्सरनं गेली. त्या आधी दीड वर्ष यल्लाप्पानं घर बदललं होतं. थोरला भाऊ अंथरुणाला खिळलेला, बघायला कुणी नाही, म्हणून तो बायकोला घेऊन नदीकाठी भावाच्या घरी गेला. घराला लागून वीटभट्टी. रात्रंदिवस धूर. महादेवी तेव्हाही म्हणाली होती, आईला तिकडं नेऊ नका. आई गेल्यावर तिनं एकच वाक्य म्हटलं, 'तुम्ही मारलं तिला', आणि जतची गाडी पकडली.

"खरं हाय तिचं," यल्लाप्पा म्हणाला. "तुमीच की आदी फोटो काढला हुतासा. छाती साफ हुती. वरसात एवढं झालं ते त्या धुरानं. आन् धुरात कुणी नेली? मी." त्यानं कप उपडा ठेवला. "चला, कुपवाडच्या तिघांना लावायचाय फोन."

*

पुढच्या आठवड्यात तौसिफ एक यादी घेऊन आला.

"अक्का, एक कोडं सोडवा. मशीनच्या पोटात 'चाचणी' नावाचे तीनशे अठरा फोटो आहेत. अधूनमधून मशीन तपासायला पाण्याचा ठोकळा ठेवून काढता, तेच ना?"

"तेच."

"मग सत्तेचाळीस ठोकळ्यांना बरगड्या कशा काय ओ?"

रत्नप्रभानं यादी त्याच्या हातातून ओढून घेतली.

ते असं होतं. नोंद करायची म्हणजे चिठ्ठी आली, रांग आली, डॉक्टरांचा वेळ आला. त्यात घरचं माणूस. कुणा शिपायाची आई, कँटीनवालीची जाऊ, परिचारिकेचा नवरा. 'अक्का, जाता जाता एक फोटो काढ की.' दोन रोग्यांच्या मधल्या फटीत घरच्या माणसाला उभं करायचं, नावाच्या जागी 'चाचणी' लिहायचं, पडद्यावर आपणच नजर टाकायची आणि सांगायचं, काही नाही हो, जा. ह्यात कुणाला काही चूक वाटत नसे. उलट हीच खरी माया वाटे. परक्या माणसाचा फोटो डॉक्टर बघत. आपल्या माणसाचा कुणीच बघत नसे.

"ह्यांची नावं आता कशी लावणार?" तिनं विचारलं.

"फलक लावतोय की." तौसिफ खूश होता. त्यानं खुर्ची ओढली. "अंगठ्याचा ठसा कसा, तशी माणसाची छाती. बरगड्यांची वळणं, गळ्याखालच्या आडव्या हाडाचा बाक, मणक्यांच्या कडा, सगळं मिळून एकासारखा दुसरा नसतो. आजार आला, माणूस वाळला, तरी हाडांचं वळण तेच. ह्या 'चाचणी'वाल्यांपैकी जे नंतर कधी नाव लावून आले असतील, त्यांच्याशी जुळवतो तो. पण शेवटचं बटण माणसानं दाबायचं. 'खरी चाचणी' दाबलं की ओळ पुसली जाईल. 'माणूस' दाबलं की बाईंकडं वाचायला जाईल, आणि तिथून यल्लूमामांच्या टॅबलेटवर."

"आणि बटण कोण दाबणार?"

"विभागातला सगळ्यात जुना तंत्रज्ञ. म्हणजे तुम्हीच."

संध्याकाळपर्यंत रत्नप्रभानं हेरवाडकरबाईंसमोर जाऊन जाता जाता काढलेल्या फोटोंची सगळी पद्धत सांगून टाकली. बाई लालबुंद झाल्या. टेबलावरचा पेपरवेट त्यांनी दोनदा गरगर फिरवला.

"राग नंतर," त्या म्हणाल्या. "आधी माणसं."

रत्नप्रभा यादीवर बसली. एकेक ओळ उघडायची, चेहरा आठवायचा, 'माणूस' दाबायचं. चौथ्याच दिवशी कँटीनच्या सुभद्राचा फोटो निघाला. डाव्या फुप्फुसाच्या तळाशी मुगाएवढं काहीतरी, सहा वर्षांपूर्वीचं. नवा फोटो काढला, तर ते हरभऱ्याएवढं झालेलं. अजून पसरलं नव्हतं. दोन आठवड्यांत ते काढूनही झालं. सुभद्रा शुद्धीवर येऊन आधी काय म्हणाली? "माझ्या मागं भज्यात सोडा कोण घालतंय?"

यल्लाप्पा दिवसभर बोळातून सांगत फिरला, "चाचणीच्या नावानं माणूस वाचलं! ह्या फलकाला म्हंजे तीट लावाय पायजे."

सत्तेचाळीसपैकी सेहेचाळीस ओळी मार्गी लागल्या.

एक उरली.

*

फोटो क्रमांक दोनशे तीन. जानेवारी २०३१. जुळणी: काशव्वा यल्लाप्पा रेणके. वाचला: नाही. सांगितला: नाही.

ती संक्रांतीची दुपार रत्नप्रभाला ताटातल्या तिळांसारखी सुटी सुटी आठवते. काशव्वा तिळाच्या पोळ्या घेऊन आली होती. खोकत होती, हसत होती. "अक्का, तुमच्या भावाला म्हणलं, खोकल्याचं औषध आणा, तर गाणं म्हंतो. गाण्यानं खोकला जातोय व्हय?" दोघी हसत हसतच मशीनपाशी गेल्या. रत्नप्रभानं फोटो काढला. पडद्यावर उजव्या फुप्फुसाच्या अगदी वर, खांद्याजवळ, धुरकट पट्टा दिसला.

बायकांच्या फोटोत असा पट्टा नेहमीचा. लांब वेणी खांद्यावरून पुढं आली की तिची सावली तिथंच पडते. म्हणून उभं करताना सांगायचं असतं, वेणी वर घ्या. आज हसण्याच्या भरात आपण सांगायचं विसरलो, असं रत्नप्रभाला वाटलं. पुन्हा एक फोटो काढला की झालं. पण बाहेर रांग ओरडत होती, आणि मुळात हाच फोटो चोरटा, त्यात दुसरा कशाला.

"काही नाही गं. वेणीची सावली. आल्याचा रस घे."

गुढीपाडव्याला ते भट्टीकडं राहायला गेले. पुढच्या वर्षी मार्चमध्ये काशव्वा परत आली ती यल्लाप्पाच्याच गाडीवरून, नाव नोंदवून, धाप लागलेली. तो फोटो हेरवाडकरबाईंनी वाचला. तेव्हा फार उशीर झाला होता.

त्या दिवशी सगळे गेल्यावर रत्नप्रभानं मशीनच्या पोटातून जुना फोटो काढून पाहिला. पट्टा तिथंच होता. आणि फोटोच्या वरच्या कडेला, मानेच्या मागं, तीन बारीक पांढऱ्या रेघा होत्या. केसांचे आकडे. संक्रांत म्हणून काशव्वानं अंबाडा घातला होता. पुढं आलेली वेणी त्या दिवशी नव्हतीच.

तिनं फोटो मिटला. पुसलाही नाही, कुणाला दाखवलाही नाही. काशव्वा दिवाळीत गेली. तेराव्या दिवशी रत्नप्रभा स्वतः भाताचं पातेलं घेऊन गेली होती. लोक यल्लाप्पाला म्हणत, भट्टीजवळ न्यायला नको होती, आणि ती शेजारी बसून भात वाढत होती.

तेव्हा सांगितलं असतं तर काशव्वा परत आली नसती, असं ती मनाला म्हणे. ते खरंही होतं. पण महादेवी बापाजवळ राहिली असती, हेही तितकंच खरं होतं, आणि ते ती मनाला कधी म्हणत नसे.

*

"एकच राहिली अक्का," तौसिफ तिसऱ्यांदा म्हणाला. "शंका आहे का?"

"शंका नाही."

"मग?"

"तौसिफ, ही ओळ पुढं गेली तर फोन कुणाला लागेल?"

त्यानं वाकून पाहिलं. नाव वाचलं. नातेवाईक म्हणून नोंदलेला नंबर वाचला. तो नंबर विभागातल्या सगळ्यांना पाठ होता. तौसिफ हळूच सरळ झाला. "यल्लूमामांच्या टॅबलेटवर त्यांचाच नंबर येईल," तो म्हणाला. "फलक नंबर बघतो अक्का, माणूस नाही बघत."

"पुसली तर?"

"तर कुणाला कळणार नाही. मला सोडून. आणि मी…" त्यानं मान हलवली. "मी बांधलाय ओ तो. मला विचारू नका."

रत्नप्रभा पडद्याकडं बघत बसली. फलक काही म्हणत नव्हता. कुणी चुकलं, का चुकलं, ह्यासाठी त्याच्यात रकानाच नव्हता. आळ न घेता, घाई न करता, तो फक्त ती ओळ पिवळी धरून होता. ह्या सहा वर्षांत तिनं काय काय पांघरुणं घातली होती त्या फोटोवर, आणि ह्यानं नुसती हाडं मोजून काशव्वाला नावानं ओळखलं. तिला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. आजवर ह्या बोळात एवढं सरळ काही उभं राहिलं नव्हतं.

तिनं 'माणूस' दाबलं.

मग फोन उचलून हेरवाडकरबाईंना म्हणाली, "बाई, दोनशे तीन नंबर आत्ता वाचाल का? मी काढलेला आहे. चूक माझी आहे. नातेवाइकाला मी सांगणार आहे, तुमची परवानगी असेल तर. पुढचं जे काय कागदोपत्री व्हायचं ते होऊ दे."

पलीकडं काही वेळ नुसता माऊसचा आवाज. मग बाई म्हणाल्या, "वाचला. वरच्या भागात गाठ स्पष्ट आहे. तेव्हा ऑपरेशन होण्याजोगी होती, कदाचित. ते 'कदाचित'ही सांगा, गाळू नका." आणि मग, "मी बाहेर आहे रत्नाताई. लागलं तर हाक मारा."

दुपारचे अडीच वाजले होते. बोळ जेवणाच्या सुस्तीत होता. यल्लाप्पा टॅबलेट काखेत मारून येत होता.

"अक्का, फलकावर शेवटची एक वळ आली म्हणं. द्या, लावतो फोन. मग मोकळं."

"टॅबलेट इथं ठेव. आत ये."

सांगायच्या खोलीत तिनं त्याला दाराकडच्या खुर्चीकडं हात केला.

"ही खुर्ची पेशंटची हाय अक्का."

"बस."

तो हसत बसला. बसल्यावर त्याचं हसू उगाच थोडा वेळ तोंडावर राहिलं. रत्नप्रभा समोर बसली. अडीचशे माणसं त्यानं ह्या दारापर्यंत आणली होती, पण आत बसायची त्याची ही पहिलीच वेळ. त्यानं तांब्याकडं पाहिलं, पडद्याकडं पाहिलं, मग तिच्या हातांकडं. त्या हातांनी ती पाण्याचा तांब्या त्याच्याकडं सरकवत होती.

"कुणाचं काय झालं? महादेवीचं काय…"

"तिला काही झालेलं नाही. ती बरी आहे."

"मग बोला की."

तिनं पडदा त्याच्याकडं वळवला. तीस वर्षं फोटो वाहून त्याला थोडंफार वाचता येत होतं. तो पुढं झुकला. "बाईमाणूस हाय. उजवीकडं वर हाय कायतरी." मग त्याची नजर कोपऱ्यातल्या नावावर गेली. तो नाव वाचत राहिला, जणू तिथं दुसरं काही निघेल. "ह्यो कवाचा? दवाखान्यात आणल्याला तवाचा?"

"त्याच्या आधीचा. संक्रांतीचा. ती पोळ्या घेऊन आली होती बघ, तेव्हा मी काढला होता तो."

"पर तुमी म्हणला हुतासा…"

"म्हणाले होते."

बाहेर एक गाडी चाकं वाजवत गेली. यल्लाप्पानं बोट उचलून पडद्यावरच्या तारखेला लावलं, मग बोटांवर काहीतरी मोजलं. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. पाडवा. त्याचा हात हवेतच थांबला.

"भट्टीकडं आमी गेलो पाडव्याला," तो म्हणाला. आवाज इतका बारीक की ओळखू येईना. "म्हंजे ह्यो त्याच्या आदीचा."

"आधीचा," रत्नप्रभा म्हणाली. तिनं नजर खाली घातली नाही. "आम्ही धूर धूर म्हणत बसलो, यल्लाप्पा, पण धूर लागायच्या आधीच ते तिच्या छातीत होतं. मला दिसलं होतं. मी त्याला वेणीची सावली म्हटलं आणि तिला घरी पाठवलं. तेव्हा डॉक्टरांना दाखवलं असतं, तर कदाचित ती वाचली असती. माझी चूक मला वर्षानं कळली, ती गेली त्याच्याही आधी. आणि तरीही, तू तिला मारलंस असं लेक तुला म्हणाली तेव्हा मी तिथंच बसले होते, मला खरं माहीत होतं, आणि मी तुला ते ऐकून घेऊ दिलं."